एक मीटर वीस

ऑफिसात मला ‘मिलिमीटर बाई’ म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे. एकदा फोनवर बोलताना मुकादमाच्या तोंडून ते निसटलं, आणि त्यानंतर कुणी लपवायच्या फंदात पडलं नाही.

मी वीज कंपनीत झाडांची पाहणी करते. फांदी तारेला लागू द्यायची नाही, एवढंच आमच्या विभागाचं काम. वर्षातून एकदा मी प्रत्येक वाहिनीखालून चालत जाते. दोन खांबांमधल्या गाळ्यात तारेला सर्वांत जवळची फांदी कुठली, हे बघते, फायबरची लांब मोजकाठी उभी धरून अंतर मोजते आणि तक्त्यात लिहिते. अंतर दीड मीटरपेक्षा कमी भरलं, तर मुकादम आपली छाटणीची गँग घेऊन जातो. जास्त भरलं, तर ते झाड पुढच्या वर्षी. तक्त्यात अंतराचा एकच रकाना आहे, झाडापासून तारेपर्यंतचा. झाडाच्या दुसऱ्या अंगाला काय आहे हे लिहायला जागा नाही, आणि सतरा वर्षांत मला ती कधी लागलीही नव्हती.

मुकादम माझे आकडे पुन्हा मोजत नाही. नव्या माणसानं काठी काढली तर म्हणतो, “ठेव ती. बाईंनी मोजलंय म्हणजे झाडालाही मान्य करावं लागतं.” मला हे ऐकायला आवडत असे.

माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं घर माझ्याच वाहिनीवर आहे. कोपऱ्यावरचं घर. वाहिनी बाजूच्या बोळातून जाते. बोळाला लागून कुंपण, कुंपणाच्या आत शिरीषाचं मोठं झाड, आणि झाडाला खेटून घराची बाजूची खोली. ही खोली मागाहून बांधलेली, वर पत्रे. चार वर्षांपूर्वी त्या शिरीषाच्या वरच्या फांद्या तारेपासून साठ सेंटीमीटरवर आल्या होत्या. मुकादमाचं म्हणणं होतं, बुंध्यातूनच काढून टाकू, कटकट मिटेल. ताईनं मला फोन केला. झाड गेलं तर पत्र्याखाली भट्टी होईल, म्हणाली. तू एवढी शिकलीस, काहीतरी तोड काढ.

मी तोड काढली. झाड तोडायचं नाही. तारेच्या बाजूच्या वरच्या फांद्या तेवढ्या काढायच्या, खालच्या दोन जाड फांद्या ठेवायच्या आणि बाकीच्या झाडाला घराच्या बाजूनं वाढू द्यायचं. ही पद्धत पुस्तकात आहे आणि जगभर वापरतात. मी तसं लिहून दिलं, गँगनं तसं कापलं, ताईनं सगळ्यांना चहा पाजला. मुकादम जाताना झाडाकडे बघून म्हणाला, “अर्धी दाढी केल्यासारखं दिसतंय.” सगळे हसले. मीही हसले.

एका अंगानं कापलेलं झाड दुसऱ्या अंगानं वाढतं. चार वर्षांत ते तसंच वाढलं. मी दर वर्षी बोळात उभी राहून तारेचं अंतर मोजलं आणि पुढे गेले.

यंदा उन्हाळा लागता लागता मी त्या गाळ्यात पोचले. सकाळचे दहा. दोन मीटर नव्वद. म्हणजे उत्तम. लिहिलं, आणि ताईनं कुंपणावरून चहाला हाक मारली म्हणून आत गेले. एरवी मी कामाच्या वेळी आत जात नाही.

बुंध्याच्या तारेकडच्या अंगाला, मुळांजवळ, मातीत एक भेग होती. हातभर लांब, नखाच्या जाडीएवढी रुंद. चार वर्षांपूर्वीच्या एका कापाच्या जखमेखाली कानाच्या आकाराची आळंबी उगवली होती, एकावर एक तीन. मी पिशवीतली लाकडी हातोडी काढून खोड ठोकून पाहिलं. गुडघ्यापर्यंत भरीव. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत आवाज रिकाम्या डब्यासारखा. मग मान वर केली. सगळा विस्तार पत्र्यांवर होता. ह्या बाजूला आता फक्त त्या दोन जाड फांद्या, तराजूत दुसऱ्या पारड्यात ठेवलेल्या वजनांसारख्या.

त्या पत्र्यांखाली ताईच्या सासूबाई झोपलेल्या होत्या. मी त्यांना मावशी म्हणते. आठ महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली पण हाड जुळलं नाही. लोखंडी खाट सुटी करून आत नेली आणि आतच जोडली, कारण त्या खोलीचं दार अरुंद आहे. मावशी तिथून हलल्या नव्हत्या. तोंड मात्र शाबूत होतं. मी खिडकीखाली खोड ठोकत होते तेव्हा आतून म्हणाल्या, “कोण डॉक्टर आलाय? आधी मला ठोकून बघा म्हणावं, मग झाडाला.”

मी ताईला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं की हे झाड पडणार, आणि खोलीवर पडणार. कधी, ते सांगता येत नाही. पण पावसानं माती मऊ झाली की मुळं धरून ठेवू शकणार नाहीत. माझा अंदाज दोन-तीन महिन्यांचा होता. तोवर झाड काढायला हवं, आणि ते होईपर्यंत मावशींना पुढच्या खोलीत आणायला हवं.

ताईनं हातातलं भांडं विसळून पालथं घातलं. पुढच्या खोलीत दुपारी काय होतं ते मला माहीत आहे का, असं तिनं विचारलं. खाट दारातून निघत नाही, हे माहीत आहे का. मावशींना कुशीवर वळवायचं म्हटलं तरी त्या ओरडतात, हे तरी. मग ती म्हणाली, “चार वर्षांपूर्वी तूच सांगितलंस ना, आता काळजी नाही म्हणून? मी तर तुझ्याच शब्दावर निर्धास्त आहे.”

शेवटी ती एवढं म्हणाली की बुधवारी हे येतील, त्यांच्याशी बोल. भावोजी दूरच्या कारखान्यात कामाला आहेत, पंधरा दिवसांनी घरी येतात. त्यांनी हो म्हटलं तर तोडा, माझी ना नाही, असं ताई म्हणाली.

तोडणार कोण, हा प्रश्न होताच. तारेपासून पाच मीटरच्या आत बाहेरच्या माणसानं करवत लावायची नाही, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे आमचीच गँग हवी. मी ऑफिसात साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी मी काढलेले फोटो नीट पाहिले, भेगेचा पुन्हा मागून घेतला. मग विचारलं, हे पडलं तर तारेवर पडेल का? मी म्हटलं, नाही, उलट्या अंगाला. मग आपलं नाही, ते म्हणाले. घरमालकानं नगरपालिकेकडे अर्ज करावा, त्यांचा माणूस पाहणी करील, ते आपल्याला लाईन बंद ठेवायला पत्र देतील. किती दिवस लागतात? सहा महिने धरा. मी उठायला लागले तेव्हा ते हलक्या आवाजात म्हणाले, “आणि बहिणीचं घर आहे. उद्या कुणी बोट दाखवायला नको, की कंपनीची गँग बाईंच्या घरच्या अंगणात राबते.”

मी टेबलाशी येऊन बसले. तक्ता समोर होता, त्या गाळ्याचा रकाना पेन्सिलीनं भरलेला. शाईनं मी संध्याकाळी लिहिते. दीड मीटरपेक्षा कमी लिहिलं की गँग जाणार. गँग गेली की मी तिथे असणार. मुकादमाला भेग दाखवायची. तो तीस वर्षं झाडावर चढतोय, त्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही. जागेवर पाहणीवाल्याची सही आणि घरमालकाची संमती असली की मुकादमाला अख्खं झाड उतरवता येतं, तसं कलम आहे. भावोजी बुधवारी येतील. गँगला गुरुवार मिळाला की झालं.

दोन मीटर नव्वद रबरनं खोडून मी एक मीटर वीस लिहिलं. एक मीटर दहा लिहिलं असतं तर तातडीच्या यादीत गेलं असतं आणि साहेबांच्या नजरेला पडलं असतं. खोटा आकडाही मी मापूनच निवडला.

मुकादमाला आधी सांगावं असं मनात आलं. पण आधी सांगितलं तर तोही त्या आकड्याचा भागीदार झाला असता. जागेवर गेल्यावर बोलू, असं ठरवलं. गुरुवारच मिळाला. मी ताईला फोन करून कळवलं की गँग येईल, आणि भावोजींशी मी स्वतः बोलेन.

मंगळवारी मी दुसऱ्या टोकाच्या वाहिनीवर होते. दीड वाजता मुकादमाचा फोटो आला. खाली मजकूर: कोपऱ्यावरचं काम आजच उरकलं, पलीकडच्या गल्लीत मालकानं फाटकच उघडलं नाही म्हणून गँग रिकामी होती. तुमच्या ताईंनी मस्त चहा दिला.

फोटोत शिरीषाचं झाड होतं. तारेच्या बाजूच्या दोन्ही जाड फांद्या बुंध्यापासून साफ काढलेल्या, काप गुळगुळीत, त्यावर औषध फासलेलं. मुकादमाचं काम नेहमीच देखणं असतं.

नंतर त्यानं सांगितलं की त्याला फांद्या लांब वाटल्या होत्या. त्याचा एक माणूस म्हणालाही, हे तर अडीच-तीन मीटर दिसतंय. पण उन्हात तार तापून खाली येते, वाऱ्यात फांदी हलते, ते सगळं बाईंनी हिशेबात धरलं असेल, असं तो म्हणाला. बाईंनी एक वीस लिहिलंय म्हणजे एक वीस. अर्धवट ठेवून पुन्हा पुढच्या वर्षी यायला नको म्हणून त्यानं दोन्ही फांद्या बुंध्यापासून घेतल्या. ताईनं कुंपणाशी उभं राहून सांगितलं होतं की माझ्या बहिणीनं लिहून दिलंय तेवढंच कापा, घराकडच्या अंगाला हात लावू नका. त्यांनी लावला नाही.

मी ताईला फोन करत राहिले. ती मावशींचं अंग पुसत होती, फोन पुढच्या खोलीत वाजत होता. स्कूटरवर मला चाळीस मिनिटं लागली.

झाड उभं होतं. ताई दारात आली ती हसत. बघ, उगाच घाबरवलंस, किती छान छाटलं त्यांनी. मी सरळ बुंध्याशी गेले. भेगेत आता पेन्सिल उभी जात होती. पूर्ण नाही, अर्धी.

मी तिथूनच मुकादमाला फोन लावला. ताई माझ्यामागे उभी होती.

“एक वीस खोटं होतं,” मी म्हटलं.

त्याच्या मागे ट्रकचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, “किती होतं?”

“दोन नव्वद.”

“आणि मी झाडाचा तोल काढून घेतला.”

“मी काढून घेतला.”

“ते नंतर. खोलीत कोण आहे?” मी सांगितलं. “बाहेर काढा त्यांना. मी दोर आणि माणसं घेऊन निघालो. अर्धा तास.”

वळले तर ताईचा चेहरा पडलेला होता. तिनं सगळं ऐकलं होतं, पण त्यातलं कळलं किती ते मला सांगता आलं नसतं. मी तिला म्हटलं, आधी मावशी. आम्ही आत गेलो.

खोलीत खरंच गारवा होता. मावशी उताण्याच, मान भिंतीकडे करून पडल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की झाड काढायचंय, थोडा वेळ पुढच्या खोलीत जायचं. त्या म्हणाल्या, आठ महिन्यांनी वरात निघतेय तर केस तरी विंचरा. आम्ही चादरीची चार टोकं पिळून धरली, ताई डोक्याकडे, मी पायांकडे. मावशींचं अंग जड होतं. वीतभर उचललं आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी ऐकला नव्हता. चादर माझ्या बाजूनं सुटली. त्या खाटेवर तिरक्या पडल्या आणि श्वास घेईनात, मग घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ताईनं त्यांना सरळ केलं, तोंड पुसलं. दुसऱ्यांदा आम्ही गादीसकट ओढून पाहिलं. गादी खाटेच्या कडेला अडकली. मावशी म्हणाल्या, “पोरींनो, पुरे. मला मारायला झाड कशाला हवं, तुम्हीच आहात की.”

ताई माझ्याकडे वळली. “चार पुरुष येतायत ना? ते सहज उचलतील. तोवर थांबू. ह्यांचे हाल नको करूस.”

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं, बघते. बाहेर जाऊन मी भेगेच्या दोन्ही काठांना एकेक खिळा रोवला आणि मधलं अंतर मोजलं. अठरा मिलिमीटर. पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजलं. अठरा. वारा अजिबात नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं. दहा मिनिटांनी पुन्हा अठरा. मी खिडकीतून ताईला सांगितलं, हलत नाहीये, थांबू. तिनं मान डोलावली. गँग येईल म्हणून ती पाणी गरम करायला स्वयंपाकघरात गेली. मावशींच्या कमरेला शेकही द्यायचा होता. मावशींनी आतून विचारलं, झाड काय म्हणतंय? मी म्हटलं, गप्प आहे. त्या म्हणाल्या, मग तू पण आत येऊन बैस, उन्हात काळी पडशील.

येते, असं मी म्हटलं. मला एकदा मोजायचं होतं.

मी खाली वाकलेली असताना आधी आवाज आला. मोठा नाही. मोळीचा दोर ताणावा तसा, जमिनीच्या आतून. मग खिळे माझ्या डोळ्यांसमोर लांब गेले. मी ओरडले, पण काय ओरडले ते आठवत नाही. झाड सावकाश झुकलं, निदान सुरुवातीला, आणि मग एकदम. बुंधा खांद्याच्या उंचीवर फाटला. आत भुसा होता, ओला, तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा.

तारांना काहीही झालं नाही. बोळातल्या एकाही घराची लाईट गेली नाही. शेजारच्या घरात कुणीतरी लावलेला टीव्ही तसाच चालू होता.

ताई स्वयंपाकघरातून धावत आली ती दारातच थांबली, कारण दारापलीकडे फांद्या होत्या. मी दुसऱ्या बाजूनं भिंतीच्या खिंडारातून आत शिरले. पाच-सहा हात गेल्यावर मला मावशींचा हात सापडला. मी मनगट धरून बसले. नाडी लागत नव्हती, तरी मी पूर्ण एक मिनिट धरलं, कारण तसं धरायचं असतं. मग आणखी एक मिनिट.

आठ मिनिटांनी ट्रक आला. मुकादम खाली उतरला, झाडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माणसांना करवती काढायला सांगितल्या. त्याच्याबरोबर सहाजण होते. त्यांनी तासाभरात खोली मोकळी केली. मावशींना उचलून पुढच्या खोलीत आणायला चौघं पुरली. ताई म्हणाली तसंच, अगदी सहज.

ऑफिसात चौकशी झाली. साहेबांनी कागद आधीच लावून ठेवले होते. नोंदीत एक मीटर वीस होतं, छाटणी नियमात होती, झाड जुनं आणि आतून कुजलेलं, तारा शाबूत, वीज एक मिनिटही गेलेली नाही. मुकादमानं प्रमाणापेक्षा थोडं जास्त कापलं, एवढा शेरा टाकला की फाईल बंद. त्याला सहा महिने झाडावर चढायची मनाई होईल, बाकी काही नाही. मुकादम खिडकीशी उभा होता. त्याला विचारलं, काही सांगायचंय का? नाही, म्हणाला. फोनवर मी काय बोलले होते, त्यातला एक शब्दही त्यानं काढला नाही.

मी सांगितलं. पेन्सिलीचा आकडा रबर केल्यावरही कागदावर उमटलेला होता, तो उजेडात धरून दाखवला. साहेबांनी तो कागद हातात घेतला. मग म्हणाले की चार दिवसांपूर्वी कुणी त्यांना सांगितलं असतं की ह्या बाईंनी आकडा बदललाय, तर सांगणाऱ्याला त्यांनी खोलीबाहेर काढलं असतं. मला निलंबित केलं. मुकादमावरचा शेरा निघाला. जिन्यात तो माझ्या मागून आला. मला वाटलं काहीतरी बोलेल. तो एका बाजूनं पुढे गेला आणि खाली उतरला. खाली पोचेपर्यंत त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

भावोजी बुधवारी आले होतेच. मी त्यांना भेटायला गेले तो आठवा दिवस होता. ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. खोली भयंकर तापली होती. ताई आतल्या दारात उभी राहिली. ह्या आठ दिवसांत ती माझ्याशी दोनच वेळा बोलली होती, दोन्ही वेळा कामाचं. नातेवाईक येऊन गेले होते आणि प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला होता, असं मला शेजारणीकडून कळलं: झाड पडणार हे माहीत होतं, तर म्हातारीला त्या खोलीत ठेवलं कुणी? ती कुणालाच उत्तर देत नव्हती.

भावोजींनी मला सगळं क्रमानं सांगायला लावलं. मी सांगितलं. चार वर्षांपूर्वीची छाटणी, यंदाची भेग, साहेबांचं उत्तर, खोटा आकडा, मंगळवार. चादरीचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मग त्यांनी विचारलं, “मग थांबलात का? आई ओरडली असती, ओरडू द्यायचं. ओढून काढायचं. थांबू या असं कोण म्हणालं?”

ताईनं दाराची चौकट धरली. तिची बोटं मला दिसत होती.

“मी,” मी म्हटलं. “ताई म्हणत होती ओढून काढू. मी मोजून बघितलं आणि थांबू म्हटलं.”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. ती बोलेल असं मला क्षणभर वाटलं, आणि ती बोलू नये असंही वाटलं. ती बोलली नाही.

भावोजींनी विचारलं, “किती वेळ थांबलात?”

“एकवीस मिनिटं.”

त्यांनी तो आकडा स्वतःशी एकदा म्हटला. मग उठले, माझ्या चपला दाराजवळ होत्या त्या पायानं सरळ करून उंबऱ्याबाहेर ठेवल्या आणि पुन्हा येऊन बसले.

मी चपला घातल्या. ताई कुंपणापर्यंत आली. फाटकाची कडी घट्ट आहे, ती काढायला तिनं हात पुढे केला, आणि माझाही हात तिथेच होता. तिनं तो बाजूला केला नाही. कडी तिनंच काढली. मी बाहेर पडल्यावर आतून लावून घेतली आणि घराकडे वळली.